पुढे कुणी नसलेला ट्रक

गाड्या माणसांशी बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. पलटणीतून निवृत्त झालेला एक हिरवा ट्रक हौसाबाई गाडेकरांनी लिलावात घेतला आणि त्या स्वतःच तो चालवू लागल्या.

ट्रक अंगाने दांडगा होता, पण जन्मभर ताफ्यात पुढच्या गाडीमागे धावलेला. मोकळा रस्ता दिसला की त्याचा धीर सुटायचा. मग समोर येईल त्याच्या मागे तो निघायचा, अगदी बैलगाडीच्याही.

एकदा टोमॅटो भरून निघाले, तर माळावरचा रस्ता चिखलात बुडालेला. ट्रक थबकला.

"बाई, आधी कुणीतरी पुढे जाऊ दे."

"कोण जाणार? मागचा टेम्पो अन् ट्रॅक्टर तुझ्याकडेच बघतायत," हौसाबाई म्हणाल्या. "इथंच थांबलो तर माल नासेल. भीती मलाही वाटतेय. चल, दोघं मिळून घाबरू."

ट्रकला हसू आले आणि हसता हसताच त्याने चिखलात चाक घातले. दोनदा रुतला, एकदा घसरला, पण शेवटी डांबरी रस्त्याला लागला.

"वाट कशी रे ओळखलीस?" त्याच्या मागोमाग आलेल्या टेम्पोने विचारले.

"ओळखली कुठं?" ट्रक म्हणाला. "रुतलो, तिथून वळलो."