समोरून पाहिलेला बॅकहँड

आमच्या टेनिस क्लबचे अध्यक्ष अजितराव घोरपडे एके काळचे चॅम्पियन. पण कोच मुकुंद तांबट त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. सगळी पोरं आपली त्याच्याच मागे! अजितरावांची शर्वरीसुद्धा. आणि रविवारी तर तिने वडिलांनाच हरवलं.

तिच्या सत्काराला अजितराव माइकवर म्हणाले, "शर्वरी जिंकली ती माझ्या रक्तामुळे. हा मुकुंद माझ्याशी प्रत्येक सामना हरला. हा काय शिकवणार?"

मुकुंद शांतपणे उठला. "खरंय, साहेब. हरता हरता तुमचा बॅकहँड मी वर्षानुवर्षं समोरून पाहिला. तुम्हाला तो कधी दिसलाच नाही. तो कुठे कच्चा आहे हे कळलं, तोवर माझा गुडघा गेला होता. मग मी ते शर्वरीला सांगितलं."

पहिली टाळी शर्वरीचीच पडली.