सबवूफरसाठी झोपाळ्याची फळी

नवरा नोकरीसाठी परगावी, त्यामुळे सासरी केतकीला सोबत एकच: माहेरून आलेला सागवानी झोपाळा. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, सबवूफर या घुमणाऱ्या स्पीकरच्या खोक्यासाठी त्याचीच फळी कापायला काढली. “माझ्या गाण्यांना सागवानच शोभतं,” ते म्हणाले.

केतकीनं फळीवर टिचकी मारली; फळी खणखणली. शेजारच्या जाड प्लायवूडवर मारली. ते गप्प राहिलं.

“आबा, गाणं स्पीकरनं म्हणायचं. खोकं मधे बोललं की गाणं बिघडतं. प्लायवूडच घ्या.”

“तुला गं काय कळतंय त्यातलं?”

“दुसऱ्याच्या आवाजानं घर घुमत असताना आपण हूं की चूं करायचं नाही, एवढंच खोक्याचं काम. लग्न झाल्यापासून मी तेच करतेय.”

आबांनी करवत खाली ठेवली. फळी पुन्हा टांगून केतकी झोपाळ्यावर बसली. एकटीच, पण ऐसपैस.