भिंगरीच्या मापाची गोलपोस्ट

फार वर्षांपूर्वी, रानात जनावरंही फुटबॉल खेळायची तेव्हा, झिपरू नावाचं अस्वल आपल्या दोन पिल्लांसाठी गोलपोस्ट घ्यायला सुतारपक्ष्याकडे गेलं.

"सगळ्या रानाला हेवा वाटेल एवढी मोठी दे," झिपरू म्हणाला.

"पोरं केवढी आहेत, झिपरूदादा?"

"होतील की मोठी!"

सागवानी गोलपोस्ट अंगणात उभी राहिली. शेजारीपाजारी कौतुक करून गेले. पण गोल राखणाऱ्या धाकट्या भिंगरीच्या डोक्यावरून प्रत्येक चेंडू आत जाई. "मला नाही खेळायचं," म्हणत ती रडू लागली. तेवढ्यात थोरला आडव्या दांडीला लोंबकळला आणि अख्खी गोलपोस्ट पुढे कलंडली. झिपरूने धावत जाऊन ती पाठीवर झेलली, म्हणून पिल्लं वाचली.

दुसऱ्या दिवशी ठणकती पाठ घेऊन तो पिल्लांसह सुतारपक्ष्याकडे गेला. भिंगरीने पंजे उंचावले, तेवढ्याच उंचीची हलकी बांबूची गोलपोस्ट सुतारपक्ष्याने बांधून दिली. झिपरूने ती अंगणात खुंट्या ठोकून पक्की केली.

संध्याकाळी त्याने स्वतः जोरात चेंडू मारला. भिंगरीने झेप घेतली आणि तो अडवला.

हरल्याचा एवढा आनंद झिपरूला आयुष्यात कधी झाला नव्हता.