वाफेच्या नगाऱ्याचे झाकण

“पण सरून गेलेले वाफेचे युग आजच्या विज्ञानाला काय शिकवणार?” राममठाचे प्रमुख अच्युतबुवांनी विचारले.

ओजसला हाच प्रश्न हवा होता. तो अभियंता, लहानपणापासून या मठात येणारा. आज त्याने स्वतः घडवलेला वाफेचा नगारा श्रीरामाला अर्पण करण्यासाठी आणला होता. बुवांनी स्वीकारला, तर सायंआरतीला तोच वाजणार होता.

शहरात तो स्टीमपंक म्हणवणाऱ्या मंडळींत वावरे. वाफेच्या युगातला वेश आणि पितळेची यंत्रे, हा त्यांचा ध्यास. आजही गोल काचांचा मोठा चष्मा त्याने कपाळावर चढवला होता.

“कपाळालाही कमी दिसू लागले का रे?”

ओजस हसला आणि बोलत राहिला. आजची यंत्रे म्हणजे बंद पेट्या; आत काय चालते ते वापरणाऱ्याला कळत नाही, मग त्याला नवे सुचणार कसे? वाफेचे यंत्र आपले काळीज उघडे ठेवी. चाक चाकाला कसे फिरवते, हे पाहता पाहता माणसे संशोधक झाली.

“आम्ही जुने मिरवत नाही, बुवा. झाकलेले उघडे करतो.”

“हे खरे बोललास.”

त्याने कळ दाबली. पितळी चक्रे फिरली, वाफ उसळली, टिपरी नगाऱ्यावर पडू लागली. बुवांनी हात जोडून ऐकले.

मठाची एक रीत होती. नैवेद्य झाकून आणायचा. झाकण मात्र देवासमोर काढायचे. प्रत्येक अर्पणाला तीच रीत.

“झाकण काढ,” बुवा म्हणाले.

ओजसचा हात नगाऱ्याखालच्या पेटीच्या पितळी झाकणावर तसाच राहिला.

“आतले... नाजूक आहे, बुवा.”

बुवांनी समई जवळ सरकवली.

...

त्याने झाकण काढले. आत बाजारातून आणलेली, बॅटरीवर चालणारी मोटर होती. शेजारी नाटकात धूर सोडतात तसली डबी. बाहेरच्या चक्रांपैकी एकाचाही टिपरीशी संबंध नव्हता.

ओजसने कपाळावरचा चष्मा उतरवला. मान वर होईना.

“वाफेचा दाब टिकेना,” तो म्हणाला. “जमले नाही, हे सांगायची लाज वाटली... मी हे घेऊन जातो. पुन्हा तोंड दाखवणार नाही.”

बुवांनी त्याच्या हातून झाकण घेतले. उपरण्याने पुसून रामाच्या पायाशी ठेवले. वर तुळशीपत्र वाहिले.

“अर्पण पोहोचले,” ते म्हणाले. “आरतीची वेळ झाली. उघडेच वाजव.”