अभिरामचं कुलूप

"पण चोराने संगणकच उचलून नेला तर?" सोपानबाबांनी विचारलं.

"नेऊ दे की!" वरणाचं भांडं सावरत अभिराम हसला. "लिनक्स आहे, बाबा. ब्राउझरचं अख्खं फोल्डर एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूप लावून ठेवलंय. माझ्या पासवर्डाशिवाय उघडलंच, तर नुसती अक्षरांची खिचडी दिसेल."

"बरं."

चांगली नोकरी सोडून अभिराम मठात आला, त्याला चार महिने झाले होते. गावोगावची माणसं बाबांना ईमेलवर आपली दुखणी कळवत. ती पत्रं सांभाळायचं काम अभिरामकडे होतं. एवढं विश्वासाचं काम मिळाल्याचा त्याला आनंद होता आणि, खरं सांगायचं तर, थोडा माजही.

दुपारची पंगत बसली होती. पंधरा-वीस पानं असतील. येईल त्याला वाढायचं, नाव-गाव विचारायचं नाही, ही मठाची जुनी रीत.

"इतकं कशाला रे?" बाबा म्हणाले. "आपली पत्रं कोण वाचायला बसलंय?"

अभिरामला तेवढंच निमित्त हवं होतं. भांडं खाली ठेवून तो चांगला खड्या आवाजात सांगू लागला.

"असं कसं, बाबा! त्या वृंदाताईंचंच घ्या. लेकीला घेऊन सासरहून पळाल्या. नवरा कोयता घेऊन शोधतोय. धुळ्याला सूतगिरणीच्या मागे खोली घेऊन राहतात, हे भावालासुद्धा सांगितलेलं नाही. फक्त आपल्या पत्रात आहे. ते फुटलं तर?"

बाबांचा घास हातातच राहिला.

पंगतीच्या टोकाचा एक माणूस भरल्या पानावरून उठला. त्याने हात धुतले, चपला घातल्या आणि कुणाकडे न बघता तो फाटकाबाहेर पडला.

"कोण होता रे तो?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही..."

बोलता बोलताच अभिराम वळला. तो फाटकापर्यंत धावला. रस्त्यावर कुणीच नव्हतं. एक मोटरसायकल लांब जाताना नुसती ऐकू येत होती.

तो परत आला तेव्हा बाबा पानासमोर तसेच बसले होते.

"बाबा... मी..."

"तुझं कुलूप पक्कं आहे ना?"

"हो, बाबा."

"मग जा, उघड ते. वृंदाचा नंबर काढ. आत्ताच्या आत्ता घर सोड म्हणावं."