झीलवाली लाडाई

ऐका, ही गोष्ट समुद्रापलीकडची आहे, पण माणसं आपलीच आहेत.

खूप मागच्या काळात रत्नागिरीकडची काही कुटुंबं शिडाच्या जहाजातून मॉरिशस बेटावर ऊस तोडायला गेली. थोड्या वर्षांत परत येऊ म्हणून गेली आणि तिथलीच झाली. डोंगराच्या पायथ्याला साखरेची गिरणी होती, तिच्या आसऱ्याने त्यांच्या झोपड्या उठल्या. कागदावर त्या जागेला मालकाच्या भाषेतलं नाव होतं. आपली माणसं तिला गिरणीवाडी म्हणत.

त्या गिरणीवाडीत लाडी जन्मली. तिने कोकण कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. मुकादमाशी, शेजारणीशी, स्वतःच्या नवऱ्याशीसुद्धा ती बेटावरची क्रेओल बोली बोले. मराठी तिच्या तोंडात पुरी बसायची ती गाण्यातच. गावात गुणाजीबाबा नावाचा शाहीर होता. गणपतीत मूर्तीपुढे जाखडी नाचाचा फेर धरला, ढोलकीवर थाप पडली, की गुणाजीबाबा एकेक ओळ उचले आणि मागचे सगळे झील धरत. झील म्हणजे सगळ्यांनी मिळून मागे म्हणायचं धृपद. बायकांच्या रांगेत कडेला लाडी उभी असे. तिचा आवाज गोड नव्हता, जाड होता. पण तो डोंगराला लागून परत यायचा, असं म्हणतात.

मग एका साली ज्वराची साथ आली. घरटी माणूस गेलं. लाडीचा नवरा गेला आणि गुणाजीबाबाही गेला.

तरी गणपतीचा दिवस आला. उरलेल्यांनी माती मळली, मूर्ती केली, फेर धरला. ढोलकी वाजली. आणि फेर तसाच उभा राहिला, कारण पहिली ओळ उचलायला कुणीच नव्हतं. गाणं सगळं गुणाजीबाबाच्या पोटात होतं आणि त्याच्याबरोबर गेलं होतं. लोकांपाशी नुसती झील उरली होती.

गुणाजीबाबाचा धाकटा भाऊ सयाजी डोळे पुसत म्हणाला, "चला घरी. देशातलं गाणं होतं, देशाला गेलं."

लोक वळू लागले. तेव्हा कडेला उभ्या असलेल्या लाडीने झील उचलली.

"हो जी जी, आम्ही उभे काठाला."

एकटीनेच. लोक थांबले, त्यांनीही झील धरली. ढोलकी वाजत राहिली आणि ती माणसं तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. कुठला काठ, कशासाठी उभे, हे ओळींशिवाय कळेना. लाडीला त्या दिवशी रडू आवरलं नाही. आई गेली तेव्हा लहान होती म्हणून रडली नव्हती, नवऱ्याच्या वेळी साथीच्या धाकाने कुणी रडलं नव्हतं. ते सगळं तेव्हा आलं.

दुसऱ्या रविवारपासून ती निघाली. मजुरीच्या कराराची मुदत संपलेली आपली माणसं दूरदूरच्या मळ्यांवर पांगली होती. एका मळ्यातून दुसऱ्यात जायला परवाना लागे, नाहीतर कोठडी. लाडी डोक्यावर गवताचा भला मोठा भारा घेई आणि वाट धरी. नाक्यावरच्या पहारेकऱ्याला भारा दिसायचा, बाई दिसायची नाही, असं म्हणतात.

दारात भारा टेकवून ती विचारी, "गुणाजीबाबाचं काय आठवतंय का गो?"

"काय नाय आठवत, बाय," असंच सगळे म्हणत. मग ती तिथेच बसे, त्यांच्याबरोबर तांदूळ निवडे, हळूच झील गुणगुणे. आणि कुणाला तरी एखादी ओळ सुचे. एका म्हाताऱ्याला त्याची ओळ फक्त कुदळ हातात घेतली की आठवायची. बोलणं विसरलेल्या एका आजीने नातवाला थोपटताना सबंध ओळ म्हटली आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

"घे, घेऊन जा," त्या आजीची सून लाडीला म्हणाली. "तू चांगली गातेस."

"मी नाही नेणार," लाडी म्हणाली. "एकाच्या पोटात ठेवलं म्हणून तर गेलं. ही तुमच्या घरची ओळ. गणपतीला या आणि तुम्हीच म्हणा. मी झील धरीन."

अशी तिने घराघराची ओळ घराघरातच ठेवली. एका घरात क्रेओल सून होती, मराठीचा गंध नाही. घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिनेच नवऱ्याच्या तोंडून ऐकलेली ओळ घोकली. चुकीच्या ठिकाणी श्वास घेई, पण घोकली. लाडी म्हणाली, "श्वास तुझा, ओळ घरची. चालतंय."

फक्त पहिली ओळ मिळेना. ती एकट्या सयाजीला येत होती, पण भावाच्या माघारी त्याने ती तोंडातून काढली नव्हती. लाडी त्याच्या दारात कितीदा तरी गेली.

"सयाकाका, एवढी एक ओळ म्हणा."

"गाणं काय शिधा आहे, घरोघर वाटायला?" सयाजी म्हणाला. "शाहीर एकच असतो. माझा भाऊ होता. तो गेला."

लाडीने वाद घातला नाही. पुढच्या सालचा गणपती पहिल्या ओळीशिवायच गाजला. सयाजी घराच्या दारात पाठ करून बसला होता. त्याचे ओठ हलत होते, असं शेजारीण सांगायची.

मग माघात वादळ आलं. त्या बेटावरचं वादळ म्हणजे झोपडी उचलून उसात टाकणारं. गाव सगळं गिरणीच्या दगडी घरात शिरलं. माणसं मोजली तर सयाजी नाही. तो सकाळीच बकऱ्या आणायला नदीपलीकडे गेला होता. लाडी बाहेर धावली. तिच्यामागे चार बाया, मग गडी, मग सगळेच. भर दुपारी आभाळ तव्यासारखं काळं झालं होतं. नदी तुंबून चालली होती आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. हाका मारल्या तर वारा त्या तोंडातूनच ओढून नेई.

लाडीने शेजारणीचा हात धरला, तिने पुढचीचा धरला. आणि लाडीने झील उचलली. एकाने आपल्या घरची ओळ म्हटली, सगळ्यांनी झील धरली. दुसऱ्याने आपली म्हटली, पुन्हा झील. एकट्याची हाक वाऱ्याने नेली असती, एवढ्या गळ्यांचा आवाज त्याला नेता आला नाही.

आणि पलीकडून, अंधारातून, एक थकलेला आवाज आला.

"गौराईच्या बाळा, तुझी होडी दिसली पाण्याला."

ती पहिली ओळ होती. कुठला काठ, कशासाठी उभे, ते गावाला तेव्हा कळलं.

वारा थांबला. वादळाला मध्ये डोळा असतो, तिथे सगळं शांत असतं, असं जाणते सांगतात. गिरणीवाडीत मात्र सांगतात की झील चालू होती तोवर वाऱ्याने श्वास धरला, आणि नदीचं पाणी सयाजीच्या गुडघ्याखाली उतरलं. आवाजाच्या रोखाने तो दगडांवरून आला, काखेत एक करडू घेऊन. सगळे आत शिरले आणि वारा उलट दिशेने सुटला.

दगडी घरात सयाजीने करडू खाली ठेवलं. मग म्हणाला, "लाडे, ती ओळ माझ्या घरची हां."

"तुमच्याच घरची, काका."

"आणि मी म्हटली की तू मागे असायचंस."

"मी मागेच असते," लाडी म्हणाली.

पुढे लाडीची लाडाई झाली. खूप जगली. स्वतःची अशी एक ओळही तिने कधी घेतली नाही. ती गेली त्या दिवशी वारा नसताना डोंगरापर्यंतचा ऊस डोलत होता, असं म्हणतात.

तिथे आजही जाखडीला शाहीर नसतो. ज्या घरची ओळ, ते घर ती म्हणतं. त्या क्रेओल सुनेच्या घरची ओळ आजही ती घ्यायची त्याच जागी श्वास घेऊन म्हणतात, ती कुणी दुरुस्त करत नाही. घर बंद असेल तर त्याची ओळ दुसरं कुणी उचलत नाही. तेवढा वेळ नुसती ढोलकी वाजते आणि लोक माना खाली घालून उभे राहतात.

आताशा बरीच घरं बंद आहेत. पोरं पॅरिसला, लंडनला, कुठे कुठे गेली आहेत. त्यांची पाळी आली की कुणीतरी फोन उंच धरतं. आवाज पोचायला जरा उशीर लागतो. ढोलकीवाला थाप हलकी करतो, सगळा फेर थांबून राहतो, पुढची ओळ कुणी घाईने म्हणत नाही. मग दूरवरून, खरखरत, ती ओळ येते, आणि बायकांच्या रांगेतून, कडेच्या बाजूने, झील सुरू होते.