हौदातली टोपी

मंडळी, पुढची गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. शपथेवर सांगतो. साल तेवढं नक्की नाही, नावं प्रत्येक जण वेगळी सांगतो आणि एक भाग तर सरळ पदरचा आहे. पण तेवढं सोडलं तर अक्षरन् अक्षर.

हौदाच्या अलीकडे या, इथे ऊन आहे. समोरच्या पिवळ्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खिडक्या दिसतात. डावीकडची उघडी आहे, तिच्यात लाल फुलांची कुंडी. उजवीकडच्या खिडकीत एक बाई कोपर टेकून खदखदून हसते आहे. तिला हात हलवू नका, कालच्या चौघांनी हलवला. ती रंगवलेली आहे. खिडकीसुद्धा. मागे नुसती भिंत.

स्वित्झर्लंडमधल्या या जुन्या शहराचे लोक असं सांगतात, की चारेकशे वर्षांपूर्वी त्या घरात रेगुला नावाची पाववाली राहायची. खाली भट्टी, वर बिऱ्हाड. तिचा नवरा योस्त मनोऱ्यातली घंटा वाजवायचा. एकदा तो दोरासकट खाली आला आणि कंबरेपासून लुळा झाला. तेव्हापासून त्याचा पलंग खिडकीला लागून. भाजीवाल्या कुठे बसल्या, कोणाचं गाढव अडून बसलं, हौदावर आज कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं तो वरून ओरडून सांगायचा आणि रेगुला खाली पीठ मळता मळता हसायची. हसणं म्हणजे असं, की मनोऱ्यावरची कबुतरं उडावीत. चीजला भोकं तिच्याच हसण्यानं पडली म्हणे. ते मात्र खोटं. भोकं आधीपासून होती, तिच्यामुळे मोठी झाली.

एका वर्षी आम्ब्रोस नावाचा गृहस्थ नगराध्यक्ष झाला. मिरवणूक निघाली, डोक्यावर पिसांची टोपी. याच हौदापाशी वारा आला आणि टोपी पाण्यात गेली. अध्यक्ष वाकला. बोटं टोपीला लागणार, तोच पाण्यानं ती पुढे ढकलली. तो हौदाच्या दुसऱ्या बाजूला गेला, तर टोपी पहिल्या बाजूला. सगळा चौक ओठ आवळून उभा होता. रेगुला तेव्हा वर योस्तपाशी बसली होती. ती हसली. मग कोण थांबतंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आले. हुकूम होता, ‘या खिडकीतून यापुढे हसू बाहेर पडता कामा नये.’

“हसले मी. मला कोंडा,” रेगुला म्हणाली. “खिडकी योस्तची आहे.”

“हुकूम खिडकीचा आहे, बाई,” गवंडी मान खाली घालून म्हणाला आणि त्यानं पहिली वीट ठेवली.

खोलीला खिडकी तेवढी एकच. रेगुला रोजच्यासारखं खालून विचारायची, “आज काय चाललंय रे चौकात?” वरून उत्तर यायचं, “विटा.” काही दिवसांनी तेही येईना. तेव्हा तिनं नवस केला, की योस्तला चौक दिसेपर्यंत मी हसणार नाही. आणि खरंच हसली नाही. पाव कडक झाले, कबुतरं बसून बसून लठ्ठ झाली.

हिवाळा सरता सरता मेलकिओर नावाचा एक चितारी कामासाठी शहरात आला. पाव घेताना म्हणाला, “बाई, मी पुष्कळ गावं पाहिली. एवढं गप्प गाव नाही पाहिलं.” रेगुलानं त्याला वर नेलं. त्यानं कंदील धरला, बुजवलेल्या भिंतीवरून तळवा फिरवला. “गिलावा छान बसलाय,” म्हणाला. मग पलंगाकडे वळला. “सांग बाबा, कसा आहे तुझा चौक?”

योस्त सांगत गेला, चितारी रंगवत गेला. नऊ दिवस.

“गाढव आणखी डावीकडे घे. आणि असं नको, हट्टी दिसू दे.”

“गाढव आहे की तुझा सासरा?”

“ओळखलंस!”

नवव्या दिवशी रेगुला पिठाच्या हातांनीच वर आली. भिंतीवर अख्खा चौक उन्हात पसरलेला. मधोमध हौद, हौदात टोपी आणि टोपीपासून दोन बोटं दूर राहिलेला अध्यक्षाचा हात. नवस फिटला. सहा महिन्यांचं साठलेलं हसू विटा भेदून बाहेर पडलं. कबुतरं उडाली, निदान उडायचा प्रयत्न तरी त्यांनी केला. अध्यक्ष नेमका चौकातून चालला होता. तो लालबुंद होऊन तीन जिने चढला आणि त्यानं दार ढकललं.

“या साहेब,” योस्त म्हणाला. “दोन बोटं कमी पडताहेत. आणखी जरा वाका.”

अध्यक्षानं चित्र पाहिलं. मग पलंग पाहिला. “तू इथून बघायचास?”

“दुसरं कुठून बघणार?”

अध्यक्ष पलंगाच्या कडेवर बसला. आधी त्याचं पोट हललं, मग खांदे, मग पलंग. भिंत आत्ताच्या आत्ता फोडा, असं तो हसता हसता ओरडला, तर योस्त खवळला. “खबरदार! माझं गाढव आहे तिथे.” तेव्हा शेजारी नवी खिडकी पाडली आणि जुनीला कोणी हात लावू नये म्हणून चिताऱ्यानं बाहेरून तिथे रेगुला रंगवली.

आजही इथला नवा नगराध्यक्ष पहिल्या दिवशी आपली टोपी या हौदात टाकतो आणि स्वतः वाकून काढतो. चौक हसेपर्यंत खुर्चीवर बसायचं नाही. गेल्या खेपेच्या बाई सायकलवरून आल्या, त्यांनी हेल्मेट टाकलं. ते चौदा मिनिटं सापडत नव्हतं.

आता कबुली. आतलं चित्र माझं. इथले लोक एवढंच सांगतात, की बाई बुजवलेल्या भिंतीमागे हसली, अध्यक्ष रागानं वर गेला आणि हसत खाली आला. वर काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. योस्त तर त्यांच्या गोष्टीत एका वाक्यापुरता आहे. मीही तसंच सांगायचो. एकदा सहलीला आलेल्या साताऱ्याच्या धोंगडेबाई चाकाच्या खुर्चीतून म्हणाल्या, “आणि तो पलंगावरचा? तो विटाच बघत राहिला का हो?”

मंडळी पुढच्या चौकाकडे निघाली होती. पण त्याला तसाच सोडून माझा पाय निघेना. म्हणून हा चौक त्याला देऊन टाकला, गाढवासकट.